गोमेकॉतले (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातले) मेंदूचे एमआरआय स्कॅन फर्मागुडीच्या गटाला सरावासाठी द्यायचेत. रुग्णाची ओळख कशी काढावी?

नाव (००१०,००१०), आयडी (००१०,००२०) आणि जन्मतारीख (००१०,००३०) हे डायकॉम टॅग (स्कॅनच्या मूळ फाइलमधले माहितीचे रकाने) पुसून भागत नाही. खासगी टॅगही (स्कॅनर कंपनीने स्वतः जोडलेले) सरसकट उडवू नका. डिफ्यूजन स्कॅनच्या (मेंदूत पाणी कसं पसरतं ते टिपणाऱ्या) दिशा आणि बी-व्हॅल्यू (त्या मोजणीची तीव्रता) काही स्कॅनरांत तिथेच असतात. आधी बांबोळीतच डीसीएम२निक्स (dcm2niix) या प्रोग्रामने स्कॅन निफ्टी या साध्या फाइल-प्रकारात बदलून घ्या. फोल्डरला रुग्णाचं नाव असेल तर इथेच फसगत होते, कारण फाइलच्या नावात फोल्डरचं नाव आपसूक येतं. म्हणून ‘-एफ’ (-f) पर्यायाने स्वतःचा कोड द्या. सोबत तयार होणारी, स्कॅनची माहिती असलेली जेसन (JSON) फाइल उघडून वाचाच.

मग पायडीफेस (pydeface) या प्रोग्रामने स्कॅनमधला चेहरा काढून टाका. टी१ स्कॅनवरून (मेंदूची रचना दाखवणारा एमआरआयचा प्रकार) नाक-डोळे त्रिमितीत स्पष्ट उभे राहतात. प्रत्येक स्कॅन थ्रीडी स्लायसर या त्रिमितीत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फिरवून बघा: कधी नाक शिल्लक राहतं, कधी मेंदूचा पुढचा भागच कापला जातो. कोणता कोड कोणत्या रुग्णाचा याची यादी रुग्णालयाबाहेर जाऊ नये. एथिक्स समितीची परवानगी मात्र सगळ्याच्या आधी.