शिक्षकांचे कोच म्हणून नवीन लागलाय? आधी मागच्या बाकावर बसा

ताई, पहिला महिना वर्गात मागच्या बाकावर बसा आणि गप्प रहा. वही काढून लिहायला लागलात की तुम्ही तपासणीला आलेल्या साहेबच. मी हडपसरच्या एका शाळेत पहिल्याच दिवशी १४ मुद्द्यांचा फॉर्म घेऊन गेलो, पुढच्या वेळी सरांनी अख्खा वर्ग ग्राउंडवर नेलेला :)

मग एक शिक्षक, एकच स्ट्रॅटेजी. मी तर प्रश्न विचारून थांबण्यापासूनच सुरू करतो. आपण जेमतेम १ सेकंद थांबतो, हे अमेरिकन शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच मोजून दाखवलंय, आणि ३ सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब येतात, एरवी गप्प असणारी पोरंही बोलतात. पण हे नुसतं सांगून पटत नाही हो, म्हणून तास तुम्ही घ्या आणि वर्गाच्या बाईंना मागे बसवून सेकंद मोजायला लावा. पाऊण मोठा की अर्धा, मी विचारलं आणि थांबलो... ती शांतता आपल्यालाच खायला उठते, पोरांना काही होत नाही.

सुरुवातीच्या चुका:
- शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) पीपीटी दाखवली म्हणजे काम झालं असं समजणं
- स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर फीडबॅक. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत चहाला न्या, आधी त्यांना काय वाटलं ते विचारा
- वर्गातलं मुख्याध्यापकांच्या कानावर घालणं. हे एकदा जरी केलंत तर परत कोणी दार उघडणार नाही

व्हिडिओ शूटिंग, डेटा वगैरे दिवाळीनंतर बघू.