सासूबाई नाटक करत नाहीत

पत्र : ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. सासूबाई एकसष्ट वर्षांच्या आहेत, आयुष्यभर विड्या वळल्या. आता दिवसभर गुडघे धरून कॉटवर बसतात, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो. डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'झीज आहे' एवढंच सांगितलं. पण यंदा सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेला नातवाला घेऊन होम मैदानावर चांगल्या दोन तास फिरल्या! दुसऱ्या दिवशी चहा ठेवायलाही उठवेना. मी चिडून 'नाटक' म्हणाले, ते त्यांनी ऐकलं. तेव्हापासून अबोला आहे. गेले काही महिने बाजारातल्या एका माणसाकडून पुड्या आणून घेतात, त्यानं बरं वाटतं म्हणतात. नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही बघून घ्या. – पूर्व भागातली एक सून

उत्तर : 'नाटक' हा शब्द आधी मागे घ्या. आजच घ्या, कारण तो चुकीचा आहे.

गुडघ्याच्या झिजेचं दुखणं रोज सारखं नसतं. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पाऊल टेकवत नाही. जास्त चालणं, उभं राहणं झालं की त्याची वसुली बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी होते. म्हणजे गड्ड्यातली संध्याकाळही खरी आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही खरी. नातवाला पाळण्यात बसवायचं म्हणून त्यांनी दुखणं सोसलं असणार. आपल्याकडच्या बायका एवढं करतातच. एक्स-रेचंही तसंच. फोटोत झीज भरपूर आणि दुखणं थोडं, किंवा उलटं, असं दोन्ही बघायला मिळतं. त्यामुळे किती दुखतंय हे विचारायचं ते माणसाला, फोटोला नाही.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं, ते झिजतं, आणि हळूहळू सगळा सांधाच बिघडतो. वय, वजन, जुना मार ही त्याची कारणं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हे प्रमाण वाढतं, आणि गुडघे दुमडून करायच्या कामांचाही हातभार लागतो. मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू, आणि हजार विड्यांचा हिशोब पुरा होईपर्यंत उठायचं नाही, अशी तुमच्या सासूबाईंची उमेदीची सगळी वर्षं गेली. त्या पैशांत घर चाललं, हे तुमच्या नवऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आता तुमची बाजू. त्यांनी दिवसभर कॉटवर बसू नये, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे. बसून बसून मांडीचे स्नायू दुबळे होतात, मग सगळा भार गुडघ्यावर येतो आणि दुखणं वाढतं. झिजेवर सगळ्यात भरवशाचं औषध व्यायाम आहे, हे आपल्या लोकांना पटता पटत नाही. उताणं झोपून एक गुडघा दुमडायचा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच-सहा सेकंद धरायचा, सावकाश खाली. सुरुवातीला दहा वेळा पुरे. मग खुर्चीवरून उठणं-बसणं, आणि घराजवळ थोडं थोडं चालणं. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर बेत कमी करायचा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. हे त्यांना सांगा, पण ताटातली भाकरी मोजत बसू नका. त्यानं अबोला आणखी वाढेल.

घरातही थोडा फेरफार करा. जेवायला आणि भाजी निवडायला खुर्ची, संडासात कमोडची खुर्ची. काठी घ्यायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण नेमके उलट धरतात.

आणि त्या पुड्या. मला खरी काळजी त्यांचीच वाटते. झीज काही दोन दिवसांत भरून येत नाही. पुडीनं इतक्या झटपट बरं वाटत असेल, तर तिच्यात स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असण्याची शक्यता धरून चाला. त्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, पोटात अल्सर होतो, किडनीला धक्का बसतो. मात्र महिनोन् महिने घेतलेली पुडी रागानं एकदम फेकूनही देऊ नका. स्टिरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं. उरलेली पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा, कशी बंद करायची ते त्यांनाच सांगू द्या. मेडिकलमधून मनानं घेतलेल्या गोळ्यांचंही तेच. दुखण्यावर लावायचं मलम आधी वापरून बघता येतं, तेही डॉक्टरांना विचारून.

गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, पाय अडकून सरळच होईना, किंवा सकाळचा ताठरपणा तासभर टिकून हाताची बोटंही सुजू लागली, तर थांबू नका. ते वेगळं काही असू शकतं. ऑपरेशनचा विषय शेजारीपाजारी लगेच काढतील. व्यायाम, वजन, औषध सगळं करूनही रोजचं जगणं अडत असेल, तर सांधा बदलणं चांगला उपाय आहे, पण तो पहिला नव्हे.

सासूबाईंशी बोलताना लांबण लावू नका. 'आई, मी चुकीचं बोलले, तुमचं दुखणं मला कळलं नव्हतं,' एवढं पुरे. लगेच उत्तर येईलच असं नाही. पाण्याचा तांब्या मागताना त्यांनाही बरं वाटत नसणार.

राहिला नवरा. 'तुमचं तुम्ही बघून घ्या' म्हणून कसं चालेल? त्या त्याच्या आई आहेत. सिव्हिलला किंवा जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे आईला घेऊन जायचं, पुडी दाखवायची, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम समजून घ्यायचा आणि रात्री जेवणानंतर तो करून घ्यायचा, हे काम त्याचं. त्यासाठीची अर्ध्या दिवसाची रजाही त्यानंच टाकायची. तुम्ही टाकू नका.