उद्दिष्टे जगाची, तरतूद जिल्ह्याची : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, बार्शी) : नियोजन आयोग गेला, पंचवार्षिक योजनाही संपल्या. आता देशाचे नियोजन संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार होते, असे म्हणावे काय? ती बंधनकारक आहेत काय?

उत्तर : बंधनकारक नाहीत. २५ सप्टेंबर २०१५ रोजी १९३ सदस्य देशांनी गरिबी, आरोग्य, पाणी, रोजगार अशा विषयांवरची १७ उद्दिष्टे आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये स्वीकारली, पण तो ठराव होता, करार नव्हे. प्रत्येक सरकारने जागतिक अपेक्षा समोर ठेवून, मात्र आपली परिस्थिती पाहून स्वतःची लक्ष्ये ठरवावीत, असे त्या ठरावातच म्हटले आहे. शिवाय लक्ष्ये ठरवण्याची सवय आपल्याला बाहेरून लागलेली नाही; अकराव्या पंचवार्षिक योजनेतच (२००७-१२) देखरेख करता येतील अशी २७ राष्ट्रीय लक्ष्ये होती.

बदल झाला तो साधनांमध्ये. नियोजन आयोगाच्या हाती राज्यांना योजनेचा पैसा देण्याची सत्ता होती. १ जानेवारी २०१५ पासून त्याच्या जागी आलेल्या नीती आयोगाकडे ती नाही. त्याच्याकडे आहे ते मोजमाप आणि राज्याराज्यांतील तुलना. या उद्दिष्टांवरील प्रगती मोजणाऱ्या, २०१८ पासून निघणाऱ्या त्याच्या निर्देशांकात देशाचे गुण शंभरपैकी ५७ वरून २०२३-२४ मध्ये ७१ वर गेले. म्हणजे ही उद्दिष्टे आपल्याकडे योजनेपेक्षा गुणपत्रिकेचे काम अधिक करतात. उत्तरपत्रिकेत ‘पंचवार्षिक योजनांची जागा शाश्वत विकास उद्दिष्टांनी घेतली’ असे वाक्य कृपया लिहू नये.

प्रश्न (गृहिणी, जुळे सोलापूर) : आमच्या घरी नळ आहे, पण पाणी काही दिवसांआड येते. अहवालांमध्ये आमची गणना ‘पाणी मिळालेले कुटुंब’ अशी होते काय?

उत्तर : कोणती फूटपट्टी लावली यावर ते अवलंबून आहे. पाण्याविषयीच्या सहाव्या उद्दिष्टाच्या जागतिक मोजणीत तीन अटी आहेत : पाणी घराच्या आवारात असावे, गरज असेल तेव्हा मिळावे आणि ते दूषित नसावे. नळ अनेक दिवस कोरडा राहत असेल, तर दुसऱ्या अटीवरच आपले घर अडते. पण केवळ ‘सुधारित स्रोत’ (नळासारखा) आहे की नाही एवढेच पाहणारी पाहणी झाली, तर पिंपे आणि घागरी भरून ठेवणारे तेच घर सहज पात्र ठरते.

नीती आयोगाच्या २०२०-२१ च्या निर्देशांकात तर घरगुती पाण्याविषयीचे निर्देशक ग्रामीण लोकसंख्येपुरतेच होते. माणशी रोज ५५ लिटरचे माप ठेवणारे जलजीवन मिशनही गावांसाठी आहे. म्हणजे आपला नळ त्या गुणांमध्ये चांगला म्हणूनही आला नाही आणि वाईट म्हणूनही नाही.

उजनीची जलवाहिनी, भीमेवरील औज-टाकळी बंधारे आणि हिप्परगा तलाव असे स्रोत असूनही शहरात पाणी दिवसांआड येते, ते केवळ धरणाच्या साठ्यामुळे नव्हे. वाहून आणण्याची, साठवण्याची आणि वाटपाची क्षमताही त्यात आहे. महापालिकेच्या अर्थसंकल्पावरील चर्चेत नळजोडण्यांच्या संख्येऐवजी ‘दोन पाणीपाळ्यांमधले दिवस’ हा निर्देशक मागावा, असे माझे मत आहे. तो मोजणे सोपे आहे आणि तो कोणाला फिरवताही येत नाही.

प्रश्न (विडी कामगाराची मुलगी, सोलापूर) : तिसरे उद्दिष्ट तंबाखू आवरा म्हणते, आठवे सन्मानाचे काम द्या म्हणते. माझ्या आईने कोणते मानावे?

उत्तर : आपण नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराची अंमलबजावणी बळकट करावी, असे तिसऱ्या उद्दिष्टात खरोखरच आहे. २००३ च्या त्या कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली. उद्दिष्टांप्रमाणे हा नुसता ठराव नाही, करार आहे. मात्र त्याच्याच १७ व्या कलमात तंबाखूवर पोट असणाऱ्यांना परवडणारे पर्याय उभे करण्याचे म्हटले आहे, आणि सोयीस्करपणे विसरले जाते ते हेच कलम.

कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, घरी पाने कापून विड्या वळायच्या, दोरा बांधायचा आणि मोजून परत द्यायच्या; मजुरी मिळते ती हजारी हिशेबाने. या कामाला पर्याय देणे म्हणजे एक शिलाई मशीन देणे नव्हे. नवे काम घरी किंवा घराजवळ हवे, आणि शिकण्याच्या काळातही आठवड्याची मजुरी बुडता कामा नये. दरम्यान विडी कामगार कल्याणाचा उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर बंद झाला. दवाखाने आणि शिष्यवृत्त्या यांचा हक्काचा स्रोत आटून खर्च सर्वसाधारण अर्थसंकल्पावर आला. कुंभारीची रे नगर ही कामगारांची घरकुल वसाहत पाहिली की निवाऱ्याचे काम संघटित मागणीने किती पुढे जाते ते दिसते. रोजगाराच्या बाबतीत तेवढी मोठी योजना मला दिसत नाही. दोन उद्दिष्टांपैकी आधी कोणते, हे न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांत, ठरत नाही. तो क्रम लावणे हेच राष्ट्रीय आणि राज्य नियोजनाचे काम आहे, आणि ते आपल्या आईवर ढकलणे योग्य नाही.

प्रश्न (शिक्षक, अक्कलकोट) : शेजारचा धाराशिव आकांक्षित जिल्हा आहे, मग सोलापूर का नाही?

उत्तर : विकासात मागे राहिलेले जिल्हे वर आणण्यासाठीच्या केंद्राच्या २०१८ च्या त्या कार्यक्रमात महाराष्ट्रातील धाराशिव, वाशिम, नंदुरबार आणि गडचिरोली हे चार जिल्हे आले. निवड जिल्ह्याच्या एकत्रित आकड्यांवर झाली, आणि आपल्यासारख्या अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात सरासरी बरेच काही झाकते.

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्य, मोहोळ तालुका) : गावाच्या विकास आराखड्यासाठी शाश्वत विकास उद्दिष्टांवर बेतलेल्या नऊ संकल्पनांमधून निवड करायला सांगतात. त्याने निधी वाढतो काय?

उत्तर : केवळ संकल्पना निवडल्याने वाढत नाही. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करायचा होता; त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. त्यामुळे एखाद्या गावाने ‘बालस्नेही गाव’ निवडले, तरी अंगणवाडीच्या दुरुस्तीला पैसा उरला तो ४० टक्के अबंधित भागातून किंवा दुसऱ्या योजनेतून. प्रत्येक कामासमोर संकल्पना आणि निधीचा स्रोत असे दोन रकाने ठेवावेत. दुसरा रकाना रिकामा राहिलेली कामे जिल्हा नियोजन समितीकडे किंवा संबंधित विभागाकडे मागणी म्हणून पाठवावीत. बालकांची नियमित वजने, मुलींची शाळेतील हजेरी यांसारख्या विनाखर्चाच्या कामांनाही आराखड्यात जागा द्यावी. ही चर्चा आराखडा ई-ग्रामस्वराज या शासकीय पोर्टलवर चढवण्यापूर्वीच ग्रामसभेत व्हावी, कारण नंतर सुचलेल्या कामासाठी पुरवणी आराखडा करावा लागतो.