डायबेटीस नाही, मग मणक्याच्या पाण्यातली शुगर का बघतात?

तुमचा प्रश्न असा की भावाला डायबेटीस नाही तरी मणक्यातून काढलेल्या पाण्याची शुगर का बघितली आणि ती 31 आल्यावर डॉक्टर टीबीचा मेंदूज्वर का म्हणायला लागले. मी नाशिकला लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघतो, अशी सॅम्पल्स येत असतात म्हणून सांगतो.

हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव (सीएसएफ). त्यात शुगर रक्तातूनच उतरते, साधारण रक्तातल्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे रक्तात 100 असेल तर इथे 60-65. आत जंतू शिरले की रक्तातून येणारी शुगर कमी होते आणि जी येते ती तिथे जमलेल्या पेशी आणि जंतू वापरून टाकतात. म्हणून नुसत्या 31 वर जाऊ नका, पाणी काढलं त्याच वेळची रक्तातली शुगर किती होती ते आधी विचारा, तुम्ही टाकलेल्या आकड्यांत ती नाहीये आणि माझ्या मते तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. शुगरच्या पेशंटची रक्तातली 300 असताना पाण्यातली 75 आली तर कागदावर नॉर्मल दिसते पण ती खूपच कमी असते!

आता बाकीचं. प्रोटीन 186, नॉर्मल 45 पर्यंत. पांढऱ्या पेशी 220 आणि त्यातल्या बहुतेक लिम्फोसाइट या प्रकारच्या, त्यात ताप दोन आठवड्यांपासून, हे सगळं टीबीकडेच झुकतंय. साध्या बॅक्टेरियाच्या मेंदूज्वरात पाणी गढूळ येतं, पेशी हजारावर आणि त्या न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या, आणि पेशंट दोन-तीन दिवसांतच गंभीर होतो. व्हायरलमध्ये शुगर सहसा पडत नाही. टीबीचं पाणी बरेचदा स्वच्छच दिसतं, पण ट्यूब न हलवता स्टँडला उभी ठेवली तर काही वेळा आत कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक तंतू लोंबताना दिसतो, तो दिसला की आम्ही लगेच वॉर्डला फोन करतो.

एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) 14 आहे, 10 च्या वर संशय धरतात, पण बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्येही तो वाढतो. आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं धरू नका, पाण्यात जंतू फार थोडे असतात. डॉक्टर त्यासाठी न थांबता टीबीच्या गोळ्या चालू करत असतील तर बरोबरच करतायत.

एक विचारून घ्या, सॅम्पल लॅबला किती वेळात पोचलं? सिन्नरहून कोणी खिशात बाटली घालून नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून दोन तासांनी आणली तर पेशी फुटून कमी मोजल्या जातात, शुगरही घसरते.

आणि पुन्हा पाणी काढायचं म्हणाले तर घाबरून नाही म्हणू नका. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्यामुळे पाय लुळे पडतील ही भीती धरू नका, डोकं एक-दोन दिवस दुखू शकतं. शरीर रोज अर्धा लिटरच्या आसपास हे पाणी बनवतं, काढतात ते काही मिलिलिटर, तासाभरात भरून निघतं.