आईच्या मागे आलेले पैसे पर्यावरणासाठी आणि बायकांच्या नेतृत्वासाठी द्यायचे आहेत. देणगीदार बायकांचे गट नेमकं काय करतात?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आईच्या नावचे १२ लाख रुपये तुम्हा तिघी बहिणींकडे आले आहेत. ते पर्यावरणाच्या कामाला आणि त्या कामात पुढे येणाऱ्या बायकांना द्यायचे आहेत. देणगीदार बायकांचे गट असतात असं न्यू जर्सीच्या बहिणीकडून कळलं, तर ते काय करतात आणि आपल्याला तसं काही जमेल का? मी छोट्या संस्थांचे प्रस्ताव आणि हिशेब लिहून देते, म्हणजे देणाऱ्यांच्या नव्हे, मागणाऱ्यांच्या बाजूला बसते. त्यामुळे उत्तरही तिकडूनच येणार.

गट असतात. बहिणीनं सांगितलेला बहुधा 'रेचल्स नेटवर्क' असावा. पर्यावरणासाठी पदरचे पैसे देणाऱ्या बायकांचा हा अमेरिकेतला गट, नाव रेचल कार्सन या अमेरिकी लेखिकेवरून घेतलेलं. २०१९ पासून ते पर्यावरणात काम करणाऱ्या गोऱ्या नसलेल्या बायकांना 'कॅटलिस्ट अवॉर्ड' देतात, १०,००० डॉलरचं. अमेरिकी काँग्रेसमध्ये पर्यावरणाच्या विधेयकांवर कोण कसं मत देतं याची मोजणीही त्यांनी करून छापली. स्त्री सदस्य पुरुषांपेक्षा जास्त वेळा बाजूनं मत देतात असं त्यात निघालं. बाई म्हणजे निसर्ग, बाई म्हणजे माया असलं काही त्यातून काढू नका. कोणत्या पक्षातून किती बायका निवडून येतात याचाही त्यात मोठा भाग असणार.

त्या नावामागची एक गोष्ट मात्र तुमच्या १२ लाखांशी थेट जोडलेली आहे. १९५७ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झाडांची पानं खाणाऱ्या अळीचा नायनाट करायला सरकारनं विमानातून डीडीटी हे कीटकनाशक फवारलं. ते घरांवर पडलं, भाज्यांवर पडलं, गुरांच्या चाऱ्यावर पडलं. तिथे मार्जरी स्पॉक आणि मेरी रिचर्ड्स अशा दोघी एकत्र राहत. रिचर्ड्सची प्रकृती नाजूक, म्हणून विषारी औषध न वापरता त्या घरचं पिकवून खायच्या. त्यांनी आणखी काही रहिवाशांना सोबत घेऊन सरकारवर खटला भरला. वकील, साक्षीदार, तज्ज्ञ, सगळ्या खर्चाचा मोठा भार या दोघींनी उचलला. १९५८ मध्ये खटला चालला आणि त्या हरल्या. वरपर्यंत गेल्या. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

पण खटला चालू असताना स्पॉक रोज संध्याकाळी त्या दिवशी कोर्टात काय झालं ते लिहून ओळखीच्यांना पाठवत असत. ते टिपण रेचल कार्सनच्या हाती पडलं आणि तिनं सगळी साक्षीपुराव्यांची कागदपत्रं मागवून घेतली. कीटकनाशकांच्या धोक्यावरच्या तिच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकातला बराच मालमसाला तिथला. पुस्तक १९६२ मध्ये आलं आणि १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक वापरावर बंदी आली.

आता हाच खर्च आजच्या एखाद्या देणगीदाराच्या वार्षिक अहवालात घालून बघा. 'उद्दिष्ट : फवारणी थांबवणे. साध्य : नाही. लाभार्थी संख्या : लागू नाही.' दुसऱ्या वर्षीचा हप्ता बंद झालाच म्हणून समजा. माझ्या कामात मला हीच गोष्ट सतत अडते. पैसा असतो, पण तो झाडं मोजायला असतो, बंधारे मोजायला असतो, प्रशिक्षणार्थी मोजायला असतो. एका प्रस्तावात मी 'बैठक व प्रवास' अशी ओळ घातली होती. सहा गावांतल्या बायका गायरानावरच्या अतिक्रमणाची तक्रार घेऊन तहसीलला जाणार, त्यांचं एसटीचं भाडं, चहा-नाश्ता, आणि त्या दिवशी बुडणारी मजुरी. देणाऱ्यांनी तेवढीच ओळ लाल केली आणि शेजारी लिहिलं, याचं फलित काय? रोपांची ओळ मात्र त्यांनी आपणहून वाढवून दिली. ज्या गायरानावर ती रोपं लावायची, ते हातात राहणार की नाही हे तहसीलला ठरणार होतं.

बायकांच्या निधीसंस्थांचं मला मोल वाटतं ते इथे. सगळ्याच तशा असतात असं नाही, पण ही लाल केलेली ओळ भरून देणारे जे थोडे लोक आहेत, त्यात त्या जास्त सापडतात. ॲमस्टरडॅमची 'मामा कॅश' १९८३ साली पाच जणींनी सुरू केली. त्यातल्या मार्यान साक्स यांना वारशात मोठी रक्कम मिळाली होती, तिथून सुरुवात झाली. तुमच्यासारखंच की! मामा कॅशनं मध्य अमेरिकेतल्या एका महिला निधीसंस्थेबरोबर आणि 'बोथ एन्ड्स' या डच पर्यावरण संस्थेबरोबर २०१६ मध्ये 'गागा' नावाची युती बांधली. नाव ऐकून हसू येतं, काम मात्र चोख आहे. खाणी, धरणं, मोठ्या बागायती यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या गावोगावच्या बायकांच्या गटांना छोट्या रकमा पोचवणं. अशा गटांना लागतं काय, तर वकिलाची फी, फोनचं बिल, जमिनीच्या नकला, कधी जामीन, कधी कुणाचं पोर सांभाळायला माणूस.

मोठ्या नावांबद्दल फार लिहीत नाही. गेटी हे अमेरिकेतलं तेलसम्राट घराणं, त्यातल्या एलीन गेटी हवामान आंदोलकांना पैसे देतात. तेलाचा पैसा तेलाविरुद्ध, चालायचंच. एक आकडा तेवढा लक्षात ठेवा : अमेरिकेतल्या एकूण देणग्यांत खास बायका-मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थांचा वाटा जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास असतो.

आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही. अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या हे शाळेतलं पोरही सांगेल. तो खर्च कुठून झाला हे कुणी विचारत नाही. होळकरांच्या दौलतीत 'खासगी' असा वेगळा हिस्सा होता, मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यासाठी १७३४ मध्ये लावून दिलेला, आणि तो घराण्यातल्या स्त्रीच्या ताब्यात असे. अहिल्याबाईंचा दानधर्म त्या खासगीतून झाला. दरबारच्या खजिन्याला हात लावायला नको, कुणाची मंजुरी नको. दानत असणाऱ्या बायका प्रत्येक काळात होत्या, खासगी किती जणींकडे होती? महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीनं हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीनं, देशभरात २००५ मध्ये. त्या आधीच्या पिढीतल्या तुमच्या आईनं स्वतःच्या नावावर १२ लाख मागे ठेवले, हीच मोठी गोष्ट म्हणायची.

आजचं आपल्या भाषेतलं उदाहरण हवं तर रोहिणी निलेकणी. माहेरच्या सोमण, मुंबईत वाढलेल्या, आधी पत्रकार. त्यांचे आजोबा बाबासाहेब सोमण १९१७ साली गांधीजींच्या हाकेला ओ देऊन चंपारणला गेले होते. इन्फोसिस सुरू होताना रोहिणीताईंनी स्वतःजवळचे १०,००० रुपये त्यात घातले, त्याचं पुढे काय झालं ते सांगायला नको. २००१ मध्ये त्यांनी 'अर्घ्यम' ही संस्था काढली, तिला पुढे सुमारे १०० कोटी रुपये दिले आणि २००५ पासून ती फक्त पाण्यावर काम करते. त्यांची एक गोष्ट मला आवडते. पाण्याचा विषय धरून त्या वर्षानुवर्षं तिथे पैसे देत राहिल्या. दरवर्षी नवा विषय, नवं घोषवाक्य हा आपल्याकडच्या कंपन्यांचा आवडता खेळ आहे.

आता तुमचं. स्वतःचा ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकराची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, यात १२ लाखांना पाय फुटतील. तिघींनी भिशीसारखं बसावं, दर वर्षी ४ लाख, तीन वर्षं, आणि शक्यतो एकाच संस्थेला. मराठवाड्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभं राहिलेलं प्रेमा गोपालन यांचं हे काम. दुष्काळात त्यांनी बायकांना 'एक एकर शेती'कडे वळवलं. घरच्या जमिनीतला एक तुकडा बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात सोयाबीन-उसाऐवजी डाळी, ज्वारी, भाज्या अशी मिश्र पिकं घ्यायची. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. नेतृत्व नेतृत्व म्हणतात ते मला या एकरात दिसतं. जमीन नवऱ्याच्या नावावर, सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही, आणि तरी त्या तुकड्यात काय पेरायचं हे ती ठरवते. त्या एका वाक्यासाठी घरात किती दिवस धुसफूस झाली असेल ते गावात राहिलेल्यांना विचारा.

ही मोठी, नावाजलेली संस्था आहे. तिथे दिलेत तर पैसे वाया जाणार नाहीत. पण ४ लाख जिथे एका पूर्णवेळ कार्यकर्तीचा वर्षाचा पगार आणि फिरती भागवतात, अशी तालुक्याच्या गावची संस्था शोधलीत तर मला जास्त बरं वाटेल. शोधताना अहवाल कमी वाचा, बैठकीला जाऊन मागे बसा. कोण बोलतंय, कोण चहा आणतंय, बायका साहेबांकडे बघून उत्तर देतात की एकमेकींकडे, हे अर्ध्या तासात कळतं. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे, पण कित्येक ठिकाणी रजिस्टर घरी येतं आणि 'वहिनी, इथं सही करा' एवढ्यावर बैठक उरकते. संस्थांच्या कामातही हा प्रकार असतो. बियाणं बाईनं जपायचं, रोपांना पाणी बाईनं घालायचं, गांडूळखताचे वाफे बाईनं बघायचे, आणि याला म्हणायचं महिला नेतृत्व. बाईचं नुसतं काम वाढलं की अधिकारही वाढला, एवढंच बघा. आणि पैसे देताना लेखी कळवा की बैठका, प्रवास, पगार, कोर्टकचेरी, कशावरही खर्च करा, हिशेब मात्र चोख द्या.

कागदपत्रांचं म्हणाल तर ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती देणगीवरची आयकर सवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. तुम्ही नवी निवडली असेल तर पावती असूनही वजावट नाही. नुसत्या बचतगटाला तशी पावती देता येत नाही, तेव्हा नोंदणीकृत संस्थाच बघा. आणि न्यू जर्सीच्या बहिणीचा पासपोर्ट कोणता ते आधी विचारून घ्या. भारतीय असेल तर प्रश्न नाही. अमेरिकी असेल तर, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी आणि रुपयांत दिले तरी, तिचा हिस्सा परदेशी देणगी ठरतो. तो फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, तोही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातून. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेला हे पैसे दुसऱ्या छोट्या संस्थेकडे पुढेही देता येत नाहीत. तालुक्याच्या संस्थांकडे ही नोंदणी क्वचितच असते. त्यामुळे तसं असेल तर एकाच संस्थेचं जमणार नाही, तिचे ४ लाख ही नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेला आणि तुमचे दोघींचे ८ तालुक्याला, अशी वाटणी करावी लागेल. चेक फाडण्याआधी एकदा सीएला दाखवा.