थेरपिस्टचं स्टुडंट लोन सरकार फेडतं का? आधी नोकरीची जागा बघा

ताई, तुमचा प्रश्न सविस्तर आहे म्हणून उत्तरही लांबणार. तुम्ही लिहिलंय की मेमध्ये अमेरिकेत एमएसडब्ल्यू (सोशल वर्कची मास्टर्स) संपतंय, पहिलं वर्ष एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर होतात तेव्हा बाबांनी घर तारण ठेवून भारतातल्या बँकेचं २२ लाखांचं कर्ज काढलं, मग ग्रीन कार्ड आलं आणि उरलेल्या शिक्षणाला ५२,००० डॉलरचं फेडरल लोन घेतलं, मिस्टर आयटीत आहेत, आणि कुणीतरी सांगितलं की मेंटल हेल्थवाल्यांचं लोन सरकार माफ करतं तर अर्ज कुठे करायचा.

माफ होतं हे खरंय. पण नुसतं "मेंटल हेल्थवाले" म्हणून कुणालाच मिळत नाही. कर्ज कुठल्या प्रकारचं आहे, तुम्ही ग्रीन कार्डवर आहात की सिटिझन, आणि रोज नेमक्या कुठल्या संस्थेत कामाला जाता, या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिल्या दोन आत्ता तुम्हाला बदलता येणार नाहीत. तिसरी पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि तुमचे इंटरव्ह्यू आत्ता सुरू होतायत म्हणूनच एवढं लिहितेय. मी स्वतः एलसीएसडब्ल्यू म्हणजे लायसन्स असलेली क्लिनिकल सोशल वर्कर आहे, बरीच वर्षं कम्युनिटी क्लिनिकमध्ये काम करतेय आणि नवीन लोकांना सुपरविजन देते, त्यामुळे ही कागदपत्रं दरवर्षी डोळ्यांखालून जातात.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची योजना पीएसएलएफ, म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस. २००७ च्या कायद्यातून आलेली आहे. सरकारी नोकरी किंवा ५०१(सी)(३) म्हणजे टॅक्समाफी असलेली नॉनप्रॉफिट, आठवड्याला किमान ३० तास, डायरेक्ट लोन (थेट फेडरल सरकारने दिलेलं), आणि १२० पात्र हप्ते. हे झालं की उरलेली सगळी रक्कम माफ, आणि त्यावर फेडरल इन्कम टॅक्स नाही. यात लायसन्सची अट नाही हे नवीन मुलांना कुणी सांगतच नाही. तुम्ही अजून असोसिएट असाल, म्हणजे पूर्ण लायसन्सआधी सुपरविजनचे तास भरत असाल, तरी लोनचे हप्ते सुरू झाले की मोजणी सुरू होऊ शकते. सिटिझनशिपचीही अट नाही, फेडरल लोन ग्रीन कार्डवर मिळालं म्हणजे तेवढं पुरे. १२० हप्ते म्हणजे कमीत कमी दहा वर्षं, सलग असायलाच हवेत असं नाही, मध्ये नोकरी बदलली किंवा बाळंतपणात थांबलात तर आधीचे हप्ते वाया जात नाहीत.

आता मिस्टरांच्या पगाराचा मुद्दा, आणि आपल्या लोकांच्या घरात गाडी बहुतेक इथेच अडते. पीएसएलएफचा फायदा हप्ता उत्पन्नावर बांधलेला असेल तरच. जुलै २०२६ पासून आरएपी (रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन) नावाचा नवीन प्लॅन आहे, त्यात हप्ता एजीआयच्या, म्हणजे टॅक्स रिटर्नवरच्या समायोजित उत्पन्नाच्या, टक्केवारीवर ठरतो, १ टक्क्यापासून १० टक्क्यांपर्यंत. समजा तुमचा एजीआय ६२,००० आहे, तर ६ टक्के म्हणजे वर्षाला ३,७२०, महिन्याला ३१०. पण तुम्ही दोघांनी टॅक्स एकत्र भरला आणि दोघांचा मिळून २,०२,००० झाला तर १० टक्के लागतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ १,६८० डॉलर. या हप्त्याने ५२,००० तीन वर्षांच्या आसपास फिटूनच जातात, माफ व्हायला काही उरतच नाही. वेगवेगळं फायलिंग केलं तर फक्त तुमचाच पगार धरतात, पण मग टॅक्स वाढतो, काही सवलती जातात, आणि टेक्सास-कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत नवराबायकोचं उत्पन्न अर्धंअर्धं धरायचा नियम असल्याने गणित आणखी वेगळं होतं. तेव्हा सीपीएकडून (इथला सीए) दोन्ही पद्धतींचे आकडे काढून घ्या, टॅक्स किती वाढतो आणि हप्ता किती कमी होतो, आणि मगच ठरवा. उत्पन्नावरच हप्ता ठरवणारा जुना आयबीआर प्लॅनही तुम्हाला घेता येईल, पण त्यासाठी १ जुलै २०२६ पासून पुढे नवीन फेडरल लोन काढू नका आणि लोन कन्सॉलिडेट, म्हणजे सगळी एकत्र करून एकच, असंही करू नका, कारण कन्सॉलिडेशन हे नवीन लोनच धरलं जातं.

नोकरीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हॉस्पिटल नॉनप्रॉफिट आहे एवढ्यावर विसंबू नका, पगार कोण देतं ते बघा. माझ्याबरोबर काम केलेल्या एकीला एका नॉनप्रॉफिट हॉस्पिटलच्या बिहेवियरल हेल्थ युनिटमध्ये जॉब मिळाला, गळ्यात बॅज हॉस्पिटलचा, ईमेल हॉस्पिटलचा, पण थेरपिस्ट सगळे एका बाहेरच्या फॉर-प्रॉफिट कंपनीच्या पेरोलवर, आणि फॉर्म भरायला गेली तेव्हा कळलं की त्या नोकरीतले सगळे हप्ते बाद. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं आणि त्याचा मला आजही राग येतो. डब्ल्यू-२ वर, म्हणजे एम्प्लॉयर दरवर्षी देतो त्या पगार-टॅक्सच्या फॉर्मवर, "बी" रकान्यात एम्प्लॉयरचा ईआयएन म्हणजे टॅक्स ओळख नंबर असतो, तोच नंबर फेडरल स्टुडंट एडच्या साइटवर पीएसएलएफच्या एम्प्लॉयर सर्चमध्ये टाकायचा. तुमच्याकडे डब्ल्यू-२ अजून नसणार, म्हणून ऑफर आली की एचआरला सरळ विचारा, माझ्या डब्ल्यू-२ वर कुठला ईआयएन येणार? यात लाजायचं काही नाही, चांगल्या क्लिनिकमधल्या एचआरला हा प्रश्न पाठ असतो. आणि दहा वर्षं थांबून एकदम कागद पाठवू नका, दरवर्षी आणि नोकरी सोडताना एम्प्लॉयमेंट सर्टिफाय करून घ्या. २०१७ मध्ये पहिले लोक माफीला पात्र व्हायला लागले तेव्हा सुरुवातीच्या काळात जवळपास सगळेच अर्ज फेटाळले गेले होते, कुणाचा लोनचा प्रकार चुकीचा, कुणाचा प्लॅन चुकीचा, कुणाला वेळेवर काही सांगितलंच नव्हतं. नंतर सवलत देऊन पुष्कळ लोकांचे हप्ते धरून घेतले, पण ती सवलत ऑक्टोबर २०२२ ला संपली.

तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते बहुतेक दुसऱ्या योजनेबद्दल बोलत असावेत, एनएचएससी, नॅशनल हेल्थ सर्व्हिस कॉर्प्स. ही एचआरएसए नावाची फेडरल आरोग्य संस्था चालवते. जिथे मेंटल हेल्थवाले कमी आहेत असा भाग सरकारने ठरवलेला असतो, त्याला एचपीएसए म्हणतात, मेंटल हेल्थसाठी ० ते २५ असा स्कोअर असतो आणि स्कोअर जास्त तेवढी तिथे काम करणाऱ्यांना अग्रक्रमाने मदत. अशा भागातल्या मान्यताप्राप्त क्लिनिकमध्ये दोन वर्षं फुलटाइम कबूल केलं तर ५०,००० डॉलरपर्यंत मिळतात. एलसीएसडब्ल्यू, एलपीसी (लायसन्सवाले काउन्सेलर), मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक नर्स हे सगळे बसतात. व्यसनमुक्तीच्या कामासाठी तीन वर्षांचा ७५,००० पर्यंतचा वेगळा कार्यक्रम आहे, आणि ग्रामीण भागात त्याच कामासाठी एक लाखापर्यंत. पैसे सुरुवातीलाच एकरकमी येतात आणि त्यावर टॅक्स नाही.

पण यात तुम्ही आत्ता दोन ठिकाणी अडता. एक, अमेरिकन सिटिझन किंवा नॅशनल असणं लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. दोन, स्वतंत्र प्रॅक्टिसचं पूर्ण लायसन्स लागतं, असोसिएटला नाही मिळत. कॅलिफोर्नियात बघा, एमएसडब्ल्यूनंतर ३,००० तास भरावे लागतात आणि त्याला किमान दोन वर्षं, इतर राज्यांतही साधारण तसंच. तरी निराश होऊ नका, कारण लायसन्स होईस्तोवर आणि सिटिझनशिप येईस्तोवरचा काळ बराचसा बरोबरच जाणार आहे. म्हणून माझं म्हणणं असं की पहिली नोकरीच अशा ठिकाणी धरा जी नॉनप्रॉफिट आहे आणि एनएचएससी साइटसुद्धा आहे. पीएसएलएफची मोजणी पहिल्या हप्त्यापासून, आणि सिटिझन झालात की त्याच खुर्चीवर बसून एनएचएससीचा अर्ज. एफक्यूएचसी म्हणजे फेडरली क्वालिफाइड हेल्थ सेंटर प्रकारची क्लिनिकं दोन्हींत बसतात. एचआरएसएच्या हेल्थ वर्कफोर्स कनेक्टरवर मान्य साइट शोधता येतात, तिथे त्या साइटचा स्कोअरही दिसतो. एकाच संस्थेच्या दोन शाखांपैकी एक मान्य आणि दुसरी नाही असंही असतं, तेव्हा तुम्ही ज्या पत्त्यावर बसणार तोच पत्ता तपासा.

करार मोडायचा दंड मात्र नीट वाचा, हे मी प्रत्येकाला समोर बसवून वाचायला लावते. जेवढे महिने काम राहिलं त्या प्रमाणात दिलेले पैसे परत, शिवाय प्रत्येक राहिलेल्या महिन्याला ७,५०० डॉलर, वर व्याज. ५०,००० घेऊन १४ महिन्यांनी सोडलं तर दहा महिन्यांचे २०,८०० च्या आसपास आणि ७५,००० वेगळे, म्हणजे ९५,००० च्या वर गेलं. घेतले त्याच्या जवळजवळ दुप्पट. आजारपण, बाळंतपण यासाठी करार तात्पुरता थांबवता येतो, क्लिनिकच बंद पडलं तर दुसऱ्या साइटवर बदली मिळू शकते, पण "मिस्टरांना दुसऱ्या राज्यात ऑफर आली" याच्यासाठी दंड माफ होईल असं धरून चालू नका. आयटीतल्या घरात हे होतंच, म्हणून सही करण्याआधी घरात बसून बोला.

बाकीच्या योजना भराभर सांगते. स्टार एलआरपी नावाची व्यसनमुक्तीच्या कामासाठीची आहे, सहा वर्षं आणि अडीच लाख डॉलरपर्यंत. व्हीए म्हणजे माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत ईडीआरपी असते, पाच वर्षांत दोन लाखांपर्यंत, पण त्या पदाच्या जाहिरातीतच तसं लिहिलेलं असावं लागतं आणि हप्ता आधी तुम्ही भरायचा मग ते परत देतात. एनआयएचची लोन रिपेमेंट संशोधन करणाऱ्यांसाठी आहे आणि ती ग्रीन कार्डवाल्यांनाही मिळते, कुणाला पीएचडी करून रिसर्चमध्ये राहायचं असेल तर ती जरूर बघा. शिवाय राज्यांच्या आपापल्या असतात, टेक्सासची तर खास मेंटल हेल्थ प्रोफेशनल्ससाठी वेगळी आहे, कॅलिफोर्नियात एचसीएआय या राज्याच्या आरोग्य खात्याकडे मेंटल हेल्थवाल्यांसाठी आहे. प्रत्येकीच्या अटी निराळ्या आणि पैसे बजेटवर अवलंबून, म्हणून राज्य सांगा मग नेमकं बोलता येईल.

आता बाबांचं कर्ज. ते कुठल्याही सरकारी योजनेत बसत नाही. पीएसएलएफ फक्त फेडरल डायरेक्ट लोनसाठी, आणि एनएचएससी खासगी कर्ज धरते तरी लेंडर अमेरिकेतल्या सरकारी देखरेखीखालचा लागतो. म्हणून तुमच्या जागी मी असते तर फेडरलचा हप्ता नियमात बसेल तेवढा कमी ठेवला असता आणि हातात राहील तो प्रत्येक डॉलर आधी बाबांच्या कर्जाला लावला असता. बरेच लोक उलट करतात, फेडरल लोन मोठं दिसतं म्हणून त्याच्यावर जादा भरतात, म्हणजे जे पुढे माफच होणार होतं तेच खिशातून फेडतात, आणि तिकडे घरावरचा बोजा तसाच. भारतातल्या बँकेत कोर्स संपल्यावर सहा महिने किंवा वर्षभराने ईएमआय सुरू होतो, तुमच्या सँक्शन लेटरवर काय आहे ते आजच काढून बघा, आणि मधल्या काळातलं व्याज मुद्दलात मिळवतात का तेही. बाबा सहकर्जदार असतील, तेच व्याज भरत असतील आणि जुन्या टॅक्स पद्धतीत असतील तर त्यांना भारतातल्या इन्कम टॅक्समध्ये आठ वर्षांपर्यंत व्याजाची वजावट मिळू शकते, तुम्हाला आता ती तिथे फारशी उपयोगाची नाही, म्हणून भरणा कुणाच्या खात्यातून होतो हे त्यांच्या सीएशी बोलून ठरवा. घराची कागदपत्रं सुटेपर्यंत आई-बाबांना रात्री नीट झोप लागत नाही, ते फोनवर सांगत नाहीत एवढंच.

खाली ज्यांनी विचारलंय की आम्ही एच-१बीवर आहोत, आम्हाला काही आहे का, त्यांना स्पष्ट सांगते, फेडरल लोनच नसल्यामुळे पीएसएलएफ नाही आणि एनएचएससीही नाही. फक्त एम्प्लॉयरकडून वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत लोनसाठी टॅक्स-फ्री मदत मिळू शकते, ही सोय २०२० मध्ये तात्पुरती आली आणि २०२५ मध्ये कायमची झाली. पण एम्प्लॉयरने तशी योजना ठेवलेली असावी लागते, आणि भारतातलं कर्ज त्यांच्या योजनेत धरतात का ते एचआरकडून लेखी घ्या. जे या वर्षी एमएसडब्ल्यू किंवा काउन्सेलिंगला ॲडमिशन घेतायत त्यांनी हेही बघा की जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस लोन (मास्टर्सचा उरलेला खर्च भागवणारं फेडरल लोन) मिळणार नाही, मास्टर्सला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाखाची मर्यादा. महागड्या युनिव्हर्सिटीत वरचे पैसे प्रायव्हेट लोनने भरावे लागतील, आणि प्रायव्हेट लोनला पीएसएलएफ नाही. तेव्हा युनिव्हर्सिटीचं नाव बघण्याआधी फी बघा, लायसन्स सगळ्यांना सारखंच मिळतं.

ताई, फक्त लोनसाठी कुठलंही क्लिनिक पकडू नका असंही सांगते. इंटरव्ह्यूत विचारा की दिवसाला किती क्लायंट, नो-शो झाले तर पगारावर परिणाम होतो का, लायसन्ससाठीचं सुपरविजन आतच मिळतं की बाहेर तासाला पैसे मोजून घ्यावं लागतं, आणि गेल्या वर्षात किती थेरपिस्ट सोडून गेले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं तर समजून जा. या क्लिनिकांत येणाऱ्या लोकांनी आपली कहाणी आधीच तीन-चार जणांना सांगितलेली असते, प्रत्येक वेळी थेरपिस्ट सोडून गेली म्हणून परत पहिल्यापासून. मागच्या वर्षी एक बाई माझ्यासमोर बसल्या आणि पहिलं वाक्य हेच की तुम्ही किती महिने आहात ते आधी सांगा. तुम्ही दोन-तीन वर्षं टिकलात तर अशा माणसाला काय मिळतं ते मी बघितलंय, म्हणून टिकता येईल अशीच जागा शोधा.

आणि "तुमचं लोन माफ करून देतो" म्हणून फोन येतील, फी मागतील. सगळे अर्ज फुकट असतात, एफएसए आयडीचा (फेडरल स्टुडंट एडच्या साइटच्या लॉगिनचा) पासवर्ड कुणालाही देऊ नका.

राज्य कुठलं, ग्रीन कार्ड कुठल्या साली आलं आणि फेडरल लोन सगळं डायरेक्टच आहे ना एवढं लिहा. ऑफर आली तर संस्थेचं नाव नको, फक्त एचआरने ईआयएनबद्दल आणि साइटच्या पत्त्याबद्दल काय उत्तर दिलं ते टाका, पुढचं तेव्हा सांगते.