सैनिकांची बोली वेगळी का असते? शत्रूला कळू नये म्हणून का?

नाही. शत्रूपासून लपवायला सैन्याकडे सांकेतिक भाषा असते. बराकीतली बोली उपयोगी पडते ती साहेबापासून आणि घरच्यांपासून थोडं अंतर राखायला. मी स्वतः सैन्यात नव्हतो. शब्द कुठून आला हे शोधायचा नाद आहे, एवढंच.

बराचसा कच्चा माल जिथे तळ पडतो तिथल्या भाषेतून येतो, तोही अर्धवट ऐकलेला. भारतातल्या गोऱ्या शिपायांनी 'विलायती'चं 'ब्लायटी' केलं, अर्थ मायदेश. 'खुशी'चं 'कुशी' झालं, म्हणजे आरामाची नोकरी. नाशिकजवळची देवळालीही सुटली नाही. परतीच्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत रखडलेल्या शिपायाचं डोकं फिरलं, की त्याला 'डुलाली टॅप' झाला म्हणत. हा 'टॅप' म्हणजे आपला ताप! वेडसर माणसाला इंग्रजीत अजूनही 'डुलाली' म्हणतात. पहिल्या महायुद्धात हीच मंडळी फ्रान्सला गेली आणि 'आता काही उरलं नाही' या अर्थाच्या फ्रेंच वाक्याचं त्यांनी 'नापू' करून टाकलं. आधी जॅम संपला की नापू, मग माणूस गेला तरी नापू. मेला म्हणायला जीभ रेटत नाही, तिथे असा शब्द कामी येतो.

दुसरा मार्ग आद्याक्षरांचा. लष्कराला संक्षेपांचं भारी वेड, त्याचीच टर उडवायची. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांचा 'स्नाफू' दिसतो अगदी सरकारी अहवालातला, पण अर्थ असा की परिस्थिती नेहमीसारखीच आहे, म्हणजे सगळा बट्ट्याबोळ. (मूळ शब्दांत एक शिवी आहे, ती गाळतो.) साहेबाला तोंडावर नावं ठेवली तर शिक्षा, 'स्नाफू' म्हटलं तर पकडायचं कशाला?

नवख्याने मात्र हे शब्द आल्या आल्या फेकू नयेत, हसं होतं. ते सोबत राहून, सोसून मिळवावे लागतात.

मला सगळ्यात हलवून गेला तो 'ब्लायटी'चा पुढचा प्रवास. 1914-18च्या खंदकांत त्याचा अर्थ झाला जखम: जीव जाणार नाही, पण घरी पाठवतील इतपत. तशी जखम झालेल्याचा इतरांना हेवा वाटे. आणि समोरच्या खंदकातल्या जर्मनांकडेही नेमका तोच शब्द होता, 'हायमाटशुस'. घरी नेणारी गोळी.